मुरुमांचं औषध आणि केंद्रकातला हुकूम

बॉस्टन, १९२५. हार्वर्डच्या वैद्यकशाळेतल्या एका प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. भिंतीला लागून पिंजरे मांडले आहेत, नाकात फॉर्मॅलिनचा वास बसला आहे. पिंजऱ्यांतल्या उंदरांना पोटभर खायला मिळतं, पण त्या खाण्यातून एकच गोष्ट काढून टाकली आहे. लोण्यात, अंड्याच्या बलकात आणि माशाच्या यकृताच्या तेलात असणारं जीवनसत्त्व ‘अ’ त्यांना मिळत नाही. उंदीर खंगलेत, त्यांचे डोळे सुजून चिकटलेत. वोल्बाक आणि हाऊ हे दोघे संशोधक अशा उंदरांच्या अवयवांचे पातळ छेद काचपट्टीवर घेऊन तपासताहेत. सूक्ष्मदर्शकावर वाका.

समोर आहे ती श्वासनलिका. तिचं आतलं अस्तर ओलसर असायला हवं, त्यातल्या पेशींवर हलणारे बारीक केस असायला हवेत, अधूनमधून चिकट स्राव करणाऱ्या पेशी दिसायला हव्यात. यातलं इथे काहीच नाही. चपट्या, कोरड्या पेशींचे थरावर थर चढलेत आणि वरचा थर शिंगासारखा कडक झालाय. श्वासनलिकेच्या आत कातडी उगवली आहे! या पेशी मेलेल्या नाहीत, हे नीट बघा. त्या जोमानं वाढताहेत. आपण कोण व्हायचं, एवढंच त्यांनी बदललं आहे.

आपल्याकडे १९७० पासून लहान मुलांना जीवनसत्त्व ‘अ’चे मोठे डोस पाजतात, ते अंधत्व टाळण्यासाठी. कोरडा पडत जाणारा मुलाचा डोळा आणि तुम्ही आत्ता पाहिलेली श्वासनलिका ही एकाच उणिवेची दोन रूपं. खाण्यातून आलेला एक रेणू पेशीला तिचं काम ठरवून देतो, एवढं १९२५ मध्ये दिसलं. तो हे कसं करतो, ते कळायला अजून बासष्ट वर्षं जायची आहेत.

मधली काही वर्षं भरभर ओलांडू. १९३१ मध्ये झुरिकला पाउल कारर या रेणूची रचना कागदावर मांडतात आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळतं. चाळिशीच्या दशकात अमेरिकेतले काही डॉक्टर मुरुमांच्या रोग्यांना जीवनसत्त्व ‘अ’ भरमसाट देऊन बघतात. त्यांचा विचार सरळ होता. या जीवनसत्त्वावाचून अस्तर कडक होतं आणि मुरुमाची सुरुवातही तशीच होते. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीचं तोंड कडक पेशींच्या बुचानं बंद होतं, आत तेल साठतं, त्या तेलावर जिवाणू पोसतात आणि मग सूज, पू, गाठ. पण एवढ्या डोसानं डोकं दुखायचं, कातडी सोलवटायची, यकृताला इजा व्हायची. गुण मिळायचा तो बेताचाच.

पुढचा थांबा जड आहे, पण वगळण्यासारखा नाही. फिलाडेल्फिया, साठीचं दशक, होम्सबर्ग तुरुंग. मधल्या गोल चौकातून चारी दिशांना लांबच लांब बराकी गेल्या आहेत. एका बराकीत शर्ट काढून बसलेल्या कैद्यांच्या पाठी तुम्हाला दिसतात. पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि प्रत्येक पट्टीखाली वेगळं रसायन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन १९५१ पासून इथे प्रयोग करताहेत आणि १९७४ पर्यंत ते चालू राहणार आहेत. कैद्यांना थोडे डॉलर मिळतात. त्यांतले बरेच जण कृष्णवर्णीय आहेत, आणि काहींचा खटला अजून उभाही राहिलेला नाही, जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत आहेत. आपल्या अंगावर काय लावलं जातंय, हे त्यांना कुणी धड सांगत नाही. याच तुरुंगात काहींच्या कातडीवर डायॉक्सिनसारखं विषही लावलं गेलं.

जीवनसत्त्व ‘अ’पासून बनणारं आम्ल, म्हणजे रेटिनॉइक आम्ल, कातडीवर लावण्याचे प्रयोगही इथे झाले. कातडी लाल व्हायची, सोलवटायची, पण बंद तोंडं उघडायची. १९६९ मध्ये क्लिगमन यांनी मुरुमांवरच्या या उपचाराचा निबंध छापला आणि १९७१ मध्ये हेच औषध ट्रेटिनॉइन म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. आज आपल्या कुठल्याही गावातल्या औषधांच्या दुकानात त्याची ट्यूब मिळते. विद्यापीठाच्या वैद्यकशाळेनं या प्रयोगांबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये, शहरानं २०२२ मध्ये. त्या ट्यूबचा इतिहास सांगताना या पाठी गाळणं मला अन्यायाचं वाटतं. तो उपकार त्यांनी स्वखुशीनं केला नव्हता, त्यांच्याकडून तो काढून घेतला होता.

मलम वरवर काम करतं. ज्यांच्या गाठी खोल आहेत, एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत, फुटून वाहतात आणि मागे खड्डे ठेवून जातात, त्यांना मलमाचा उपयोग नाही. अशांतल्या एकाच्या शेजारी आता बसा.

बेथेस्डा, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं रुग्णालय, सत्तरीच्या दशकाचा उत्तरार्ध. शेजारी बसलेल्या तरुणाचा चेहरा, छाती, पाठ गाठींनी भरली आहे. उशीवर रोज डाग पडतात, पाठीवर झोपता येत नाही, लोकांच्या नजरेला नजर देणं त्यानं सोडलं आहे. वर्षानुवर्षं प्रतिजैविकं खाऊन झाली. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हॉफमन-ला रोश कंपनीत वेर्नर बोलाग जीवनसत्त्व ‘अ’ची भावंडं तपासत होते, कर्करोगावर काही सापडतं का या शोधात. त्यांतलं एक म्हणजे तेच रेटिनॉइक आम्ल, फक्त शेपटीकडचा एक बंध दुसऱ्या दिशेनं वळलेला. याचंच नाव आयसोट्रेटिनॉइन. बेथेस्डात गॅरी पेक हे औषध कातडी खवल्यांसारखी होणाऱ्या आनुवंशिक आजारांवर वापरून पाहत होते. मग ते त्यांनी हट्टी मुरुमांच्या चौदा रोग्यांना दिलं.

चार महिन्यांनंतर त्याच तरुणाकडे पुन्हा बघा. ओठ कोरडे, फुटलेले. डोळ्यांत थेंब घालावे लागतात. पण नवीन गाठ नाही. चौदांपैकी तेरा जणांची कातडी पूर्ण स्वच्छ झाली. फेब्रुवारी १९७९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या या अहवालातली चकित करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. औषध थांबवल्यावरही मुरूम परतले नाहीत, काहींचे तर वीस महिने उलटले तरी नाहीत. औषध काही दिवसांत अंगातून निघून जातं. मग हा परिणाम धरून कोण ठेवतं?

पेक यांच्याजवळ याचं उत्तर नव्हतं, तेव्हा ते कुणाजवळच नव्हतं. मे १९८२ मध्ये ॲक्युटेन या नावानं औषध अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हाही नव्हतं.

त्या उत्तराची सुरुवात राईन नदीकाठच्या स्ट्रासबूर्गमध्ये आहे. साल १९८७. पिएर शांबाँ यांच्या प्रयोगशाळेत शिरा. इस्ट्रोजेन हार्मोनचा निरोप पेशीत ज्या प्रथिनाला मिळतो, त्या रिसेप्टरचं जनुक इथे नुकतंच हाती आलं आहे. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये, रोनाल्ड इव्हान्स यांच्याकडे स्टेरॉइडच्या रिसेप्टरचं जनुक आहे. दोन्ही प्रथिनांचा मधला भाग विलक्षण सारखा निघाला. जस्ताच्या अणूंभोवती वळलेली दोन बोटं, आणि ती थेट डीएनएला धरतात. मग या सारख्या भागाचा गळ टाकून आणखी जनुकं शोधायला सुरुवात झाली, आणि एक अनोळखी जनुक गळाला लागलं. त्याच्या प्रथिनाला डीएनए धरणारी बोटं आहेत आणि निरोप घेणारी खाचही आहे, पण निरोप कुणाचा, ते कळायला मार्ग नाही.

इथली युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. अनोळखी प्रथिन डीएनएवर कुठे बसतं, हे माहीत नव्हतं. म्हणून स्ट्रासबूर्गच्या मंडळींनी त्याची बोटं कापून तिथे इस्ट्रोजेन रिसेप्टरची बोटं जोडली, कारण ती कुठे बसतात हे ठाऊक होतं. त्या जागेपुढे असं जनुक लावलं की, ते चालू झालं तर क्ष-किरणाच्या फिल्मवर काळे ठिपके उमटावेत. मग या जोडप्रथिनाला एकेक हार्मोन देऊन पाहिलं. फिल्म कोरी. दुसरं हार्मोन, तरी कोरी. रेटिनॉइक आम्ल दिलं आणि ठिपके आले. कॅलिफोर्नियात इव्हान्स यांच्या गटानं हीच युक्ती स्टेरॉइड रिसेप्टरची बोटं लावून केली होती. दोघांचेही निबंध ‘नेचर’मध्ये डिसेंबर १९८७ मध्येच आले. खाण्यातलं जीवनसत्त्व हार्मोनांच्या कुळातलं निघालं. त्याचा निरोप जनुकांपर्यंत सरळ जातो, मध्ये मध्यस्थ लागत नाही.

आता लहान व्हा, पेशीत मावाल इतके. बेथेस्डातल्या त्याच तरुणाच्या गालावर, एका केसाच्या मुळाशी, तैलग्रंथीतल्या एका पेशीत तुम्ही आहात. चहूकडे चरबीचे थेंब. ही पेशी जगते ती मरण्यासाठीच. तेलानं भरत जायचं, फुगायचं आणि शेवटी फुटून आपलं सगळं तेल वाहू द्यायचं. कातडीवर येणारा तेलकटपणा म्हणजे अशा फुटलेल्या पेशींचा माल.

कॅप्सूलमधला रेणू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून इथवर पोचला आहे. त्याचा वळलेला बंध रिसेप्टरच्या खाचेत नीट बसत नाही, पण या पेशीत तो वळून सरळ होतो, म्हणजे साधं रेटिनॉइक आम्ल होतो. एक छोटं वाहक प्रथिन त्याला उचलून केंद्रकाकडे नेतं. त्याच्या मागोमाग जा.

केंद्रकात डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला आहे. एका ठिकाणी दोन रिसेप्टर शेजारी शेजारी बसलेत. एकाचं नाव आरएआर, जो १९८७ मध्ये सापडला, दुसरा आरएक्सआर, जो १९९० मध्ये सापडणार आहे. त्यांच्या बोटांखालची अक्षरं वाचा. ए-जी-जी-टी-सी-ए, मग पाच अक्षरांची जागा, मग पुन्हा ए-जी-जी-टी-सी-ए. इथेच का बसायचं, ते या सहा अक्षरांनी ठरवलंय. रेणू येण्याआधीही ही जोडी इथेच असते, आणि रिकामी नसते. दडपणारी प्रथिनं तिला चिकटलेली असतात. ती हिस्टोनांवरचे ॲसिटिल गट काढून टाकत राहतात, त्यामुळे डीएनए घट्ट गुंडाळलेला राहतो आणि पुढचं जनुक वाचलं जात नाही.

रेणू आरएआरच्या खाचेत शिरतो. क्षणात त्या प्रथिनाची शेवटची वळी, जी आतापर्यंत बाहेर लोंबत होती, उंदराच्या सापळ्याच्या झडपेसारखी खाचेवर बंद होते. स्ट्रासबूर्गच्याच संशोधकांनी १९९५ मध्ये क्ष-किरणांनी ही हालचाल पकडली. वळी बंद झाली की प्रथिनाचा बाहेरचा आकार बदलतो, दडपणाऱ्यांची पकड सुटते आणि मोकळ्या जागेवर उलट काम करणारी प्रथिनं येऊन बसतात. ती हिस्टोनांना ॲसिटिल गट लावतात, गुंडाळी सैल होते, आरएनए बनवणारं यंत्र उतरतं आणि जनुक वाचायला लागतं. १९२५ मध्ये बॉस्टनच्या उंदरांच्या श्वासनलिकेत नेमका हाच हुकूम पोचत नव्हता.

त्या तरुणाच्या ओठांत आणि डोळ्यांच्या पापण्यांत मात्र हा हुकूम जास्त जोरानं पोचतो आहे. तिथल्या वरच्या थराच्या पेशींची एकमेकींवरची पकड ढिली पडते, म्हणून ओठ फुटतात. रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढतात, त्यालाही असंच कारण आहे. यकृताच्या पेशींत आरएक्सआरमार्फत ॲपो-सी-३ या प्रथिनाचं जनुक जास्त वाचलं जातं आणि ते प्रथिन रक्तातली चरबी हटू देत नाही. आयसोट्रेटिनॉइन देताना डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, ते या एका जनुकाकडे लक्ष ठेवण्यासारखंच आहे.

हे एवढं समजल्यावर १९८७ च्या चार वर्षं मागे या, १९८३ मध्ये. औषध दुकानात येऊन वर्ष झालंय. गर्भवतीनं हे घ्यायचं नाही, असं पाकिटावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे, कारण प्राण्यांवरच्या चाचण्यांत धोका दिसला होता. खरं तर खुणा त्याहून जुन्या होत्या. १९३३ मध्ये टेक्सासात जीवनसत्त्व ‘अ’ न मिळालेल्या एका डुकरिणीला डोळेच नसलेली पिल्लं झाली होती. १९५३ मध्ये न्यूयॉर्कला उंदरिणींना हेच जीवनसत्त्व जास्त पाजल्यावर पिल्लं विकृत झाली. कमी पडलं तरी नाश, जास्त झालं तरी नाश. तरीही औषध गर्भवती बायकांच्या पोटात गेलं. काहींना आपण गरोदर आहोत हे ठाऊक नव्हतं, काहींना कुणी विचारलंच नव्हतं.

आता एका गर्भाकडे चला, चौथ्या आठवड्यातल्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत रेटिनॉइक आम्लाचं प्रमाण जागोजाग वेगळं आहे, आणि त्या प्रमाणावरून ‘हॉक्स’ जनुकं एकामागून एक ठरलेल्या क्रमानं चालू होताहेत. इथे मान, इथे छाती, इथे कंबर. मेंदू जिथे घडतो आहे तिथून काही पेशी निघाल्या आहेत, ज्यांना पुढे जाऊन जबडा, कान, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि थायमस ग्रंथी घडवायची आहे. कुठे जायचं आणि काय व्हायचं, हे त्यांना याच आरएआरकडून कळतं. त्यात आईच्या रक्तातून कॅप्सूलचा रेणू येतो. गर्भाच्या पेशीला तो परका वाटत नाही. तिच्या दृष्टीनं तो ओळखीचा, खरा हुकूम आहे, फक्त चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी आलेला. म्हणून ती तो पाळते.

१९८५ मध्ये एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी अशा १५४ गर्भारपणांचा हिशेब मांडला. ९५ जणींनी गर्भपात करून घेतला. १२ गर्भ आपोआप पडले. २१ बाळं विकृती घेऊन जन्मली. त्यांचे कान नव्हते किंवा अगदी लहान होते, हृदयात दोष होते, मेंदूत दोष होते. २६ बाळांत मोठी विकृती दिसली नाही. पुढे अमेरिकेत १९८८ मध्ये गर्भधारणा टाळण्याची मोहीम निघाली आणि २००६ पासून तर बाईनं गर्भचाचणी आणि नोंदणी केल्याशिवाय औषध हातात पडेनासं झालं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं, आणि औषध चालू असताना व थांबवल्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही, असं सांगितलं जातं. वयात आलेल्या मुलीला हे डॉक्टरांनी तिच्याशी सरळ बोलून सांगायला हवं. आईला बाजूला घेऊन, कुजबुजत सांगून भागत नाही. औषध तिच्या अंगात जाणार आहे आणि त्याचा जाबही तिच्याच पेशी देणार आहेत.

शेवटचा थांबा, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव. इथल्या वैद्यकशाळेत डायान थिबूटो आणि अमांडा नेल्सन हे औषध तैलग्रंथीच्या पेशींवर नेमकं काय करतं, ते शोधताहेत. पेक यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सोपं निघालं. औषधानं ग्रंथी आक्रसतात, कधी कधी नव्वद टक्क्यांपर्यंत, कारण पेशी तेलानं भरण्याआधीच स्वतःला संपवतात. पण त्यांना हा हुकूम देतं कोण? रोग्यांच्या पाठीवरून उपचाराआधी आणि उपचाराच्या पहिल्या आठवड्यानंतर कातडीचे बारीक तुकडे घेतले गेले आणि कुठली जनुकं जास्त वाचली जाताहेत ते मोजलं गेलं. पहिल्या आठवड्यात चाळीसएक जनुकं बदललेली दिसली. त्यांत एक जनुक होतं एनगाल नावाच्या प्रथिनाचं. एरवी हे प्रथिन जिवाणूंशी लढायच्या कामी येतं. ग्रंथीच्या पेशींवर नुसतं एनगाल टाकलं तरी त्या मरू लागल्या, आणि त्याचं जनुक गप्प केलं तर औषधाचा मारा थंडावला. २००८ मध्ये हे छापून आलं. आठव्या आठवड्यात घेतलेल्या तुकड्यांत सातशेहून जास्त जनुकं बदललेली होती, बहुतेक खाली गेलेली, आणि त्यांत चरबी बनवणाऱ्या जनुकांचा भरणा होता. औषध जिवाणूंना हातही लावत नाही, त्यांचं अन्न बंद होतं.

मात्र याच प्रयोगशाळेतला २००६ चा एक निकाल मला या सगळ्याहून महत्त्वाचा वाटतो. काचेच्या बशीत वाढवलेल्या या पेशींमध्ये त्यांनी आधी आरएआर रोखून धरला, त्याच्या खाचेत दुसरा रेणू बसवून. मग आयसोट्रेटिनॉइन टाकलं. पेशी तरीही मेल्या. म्हणजे १९८७ पासून ज्या दारानं हे औषध काम करतं असं आपण धरून चाललो होतो, ते बंद असतानाही ग्रंथीची पेशी संपते. आणि गर्भातलं नुकसान होतं, ते आरएआरच्याच दारानं. एकाच कॅप्सूलच्या या दोन वाटा खरोखर वेगळ्या असतील, तर एक ठेवून दुसरी बंद करता येईल, असं औषध घडवणं निदान विचारात घेण्याजोगं झालं. एनगालचा शोध घेण्यामागे हीच इच्छा होती. २०१९ मध्ये मंजूर झालेलं ट्रायफॅरोटिन हे मलम कातडीत मुख्यतः असणाऱ्या आरएआरच्या एकाच प्रकाराला धरतं, पण तेही आरएआरच्याच दारातून जातं. खोल, पोखरणाऱ्या गाठींसाठी आजही कॅप्सूल तीच आहे, जी पेक यांनी चौदा जणांना दिली होती. तसं वेगळं औषध येईपर्यंत रक्ताची तपासणी, गर्भाची चाचणी आणि औषध थांबवल्यानंतरचा तो एक महिना पाळावाच लागतो.